शेवटचं प्रकरण

“सर, तुमच्या नोट्समध्ये नायिका नदीत जीव देते. पुस्तकात ती नवऱ्याचं घर सोडून शाळेत नोकरी धरते. मी पुस्तकातलं लिहिलं आणि नापास झाले.” एम.ए.ला लावलेली ती इंग्रजी कादंबरी मी नाफडे सरांपुढे आपटलीच.

वीस वर्षं सर हीच कादंबरी शिकवत होते. त्यांनी शेवटचं प्रकरण उभ्यानंच वाचायला घेतलं. वाचता वाचता खाली बसले.

“जगते की गं ती!” ते पुटपुटले. मला वाटलं, आता माझे मार्क वाढणार.

त्यांनी पुस्तक मिटून माझ्याकडे सरकवलं. “पण पेपर तपासणारे सगळे माझ्याच नोट्सवर शिकलेत. पुन्हा बसशील तेव्हा मुकाट्यानं मारून टाक तिला.”

मारलं. विषय सुटला.