गॅरंटीतला नळ

“परत धार तिरकी येतेय,” दार उघडता उघडता बाई म्हणाल्या. “काल भांडी राहिली बाजूला, माझीच आंघोळ झाली.”

“क्षाराचं पाणी, बाई. त्याला नळ बिचारा काय करणार?” मिस्त्रींनी पिशवी ओट्यावर ठेवली आणि नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढली. तिच्यावर पांढरा थर दगडासारखा बसला होता. वाटीत व्हिनेगर ओतून त्यांनी ती बुडवली. “अर्धा तास भिजू दे.”

हा अर्धा तास तीन वर्षं दर महिन्याला ठरलेला. पैशांचं विचारलं की मिस्त्री म्हणत, “गॅरंटीतलं काम आहे.” जन्मभर शाळेत शिकवलेल्या बाईंनी एवढ्या लांबलचक गॅरंटीबद्दल कधी शंका काढली नाही. चहा व्हायचा. बाई अडलेलं शब्दकोडं पुढे सरकवायच्या. मिस्त्रींच्या घरी त्यांना काही विचारायला कोणी उरलं नव्हतं.

आज कोडं पुढे आलं नाही.

“रविवारी लेक न्यायला येतेय. कायमचं,” बाई म्हणाल्या. “म्हणते, ज्या घरात एक नळ धड चालत नाही, तिथे एकटीनं कशाला राहायचं? मी तरी कुठल्या तोंडानं नाही म्हणू?”

मिस्त्रींनी चहाचा कप खाली ठेवला. वाटीतली जाळी लख्ख झाली होती. एरवी ते ती गुपचूप खिशात टाकत आणि दुसऱ्या कुणाकडची अर्धी तुंबलेली जाळी नळाला लावून देत. पुढच्या महिन्याची सोय. आजही तशी एक पिशवीत होती.

त्यांनी ती काढून बाईंपुढे ठेवली.

“नळ चांगला आहे, बाई. खोट माझ्यात आहे. दर वेळी असली जाळी मीच बसवतो.” त्यांची नजर कपावरून हलेना. “टाकीला क्षार काढणारं मशीन लावू. उद्याच बसवून देतो, मग नळ तुंबायचा नाही. मीही येणार नाही. पण घर सोडू नका.”

बाईंनी जाळी उजेडात धरून पाहिली.

“हे रविवारी लेकीसमोर सांगाल?”

“सांगेन. तिची बोलणीही खाईन.”

“मग राहते मी,” बाई म्हणाल्या. “आणि मशीनचं राहू द्या. गच्चीवर आहे. दोन वर्षं झाली बसवून.”