डावीकडे बसा

पर्यटकांचं जहाज डोमिनिकाला, जहाजावर नोकरी करणाऱ्या वर्लिनाच्याच बेटाला, लागलं होतं. पण प्रवाशांना बेटावरच्या सहली सुचवायच्या टेबलावर तिचीच पाळी होती. उतरायची सोय नव्हती. नातवंडांना घेऊन आलेल्या आजींनी विचारलं, "पोरांना झेपेल असं काय आहे गं?" "धबधबा!" लेकुरवाळ्या प्रत्येकाला ती तेच सुचवायची. धबधब्याची बस तिच्या घरावरून जायची. "डावीकडे बसा, आजी. वळणावर निळं फाटक लागेल, तेवढा फोटो काढाल?" संध्याकाळी आजींनी फोन पुढे धरला. फाटकावर चढून वर्लिनाची लेक हात हलवत होती. नाताळात पाठवलेला पिवळा फ्रॉक तिला आता आखूड झाला होता. "गाईड सांगत होता, येणाऱ्या प्रत्येक बसला हात करते, खुळी!" आजी हसल्या. "म्हणते, आई कुठल्या बसने येईल सांगता येत नाही." पुढच्या खेपेला पहिल्याच कुटुंबाला वर्लिना म्हणाली, "धबधबा. डावीकडे बसा. आणि निळ्या फाटकाशी सगळ्यांनी हात हलवा."