बदललेलं वेळापत्रक

विद्यापीठात प्रवेश मिळाल्यावर तिने पहिल्याच आठवड्यात बसच्या वेळा आणि तास यांची सांगड घालून वेळापत्रक तयार केलं. बसमध्ये वही उघडून ती त्यात खाडाखोड करत होती, तेव्हा मागच्या सीटवरचे एक गृहस्थ हळूच म्हणाले, "मंगळवारी तुझी धावपळ होईल. दोन्ही वर्ग लांब लांब आहेत." तिला बरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्यासाठी जागा धरली होती. तिसऱ्या दिवशी तिने वही काढलीही नव्हती, तरी ते म्हणाले, "आज प्रयोगशाळा ना तुझी? उशीर होईल."

त्याच दुपारी तिने कार्यालयात अर्ज देऊन आपली तुकडी बदलून घेतली. बस बदलली, थांबासुद्धा बदलला. चार दिवस ते कुठेच दिसले नाहीत आणि तिचा जीव भांड्यात पडला.

पाचव्या दिवशी ती घरी आली, तेव्हा आई चहाचे दोन कप विसळत होती.

"तुझे सर येऊन गेले. बसमध्ये दिसली नाहीस म्हणून चौकशीला आले होते. फार सज्जन माणूस."

"कोण सर? त्यांना घर कसं सापडलं?"

"म्हणजे? पत्ता तूच दिलास ना?" आईने कप पालथे घातले. "भिंतीवर लावलेलं तुझं नवं वेळापत्रक उतरवून घेतलं त्यांनी. बुधवारची शेवटची बस अगदी रिकामी असते म्हणे. मी घाबरलेच. तर म्हणाले, काळजी करू नका, मी असेन तिच्यात."