मानेजवळचं लेबल

भीमराजला ॲडमिट केलं की शीतलचं पहिलं काम ठरलेलं. पर्समधली छोटी कात्री काढायची आणि हॉस्पिटलच्या शर्टाचं मानेजवळचं लेबल कापून टाकायचं. नवरा ऑटिस्टिक, ते लेबल त्याला इंगळी डसल्यासारखं लागायचं. राहिलं तर तो किंचाळायचा, सलाईन उपटायचा, आणि अख्खा वॉर्ड तिच्या तोंडाकडे बघत राहायचा. किडनीच्या दुखण्यापायी वारंवार यावं लागे. मुलुंडच्या त्या हॉस्पिटलात सगळे त्यांना ओळखत होते. आज ती खाली औषधं आणायला गेली, तेवढ्यात वॉर्डातल्या मावशींनी त्याचे कपडे बदलले. वर येऊन बघितल्यावर तिने घाईघाईने कात्री काढली. सिस्टर हसून म्हणाली, “ताई, आज शहाण्यासारखे झोपलेत बघा. जरासुद्धा कटकट नाही.” शीतलने त्याच्या मानेमागे हात घातला. लेबल तसंच होतं, कडक, टोचणारं. कात्री गादीवर पडली. “ही झोप नाही, सिस्टर. डॉक्टरांना बोलवा.”