वरची ओळ

डॉक्टरांनी वृद्धाश्रमाची वही चाळली. "टिपणीस आजोबा गेले दोन दिवस पोटभर जेवलेत. मग काळजी नाही," म्हणत ते उठले.

आजोबांची देखभाल करणाऱ्या शेवंताबाई दारातच आडव्या आल्या. "थांबा साहेब, वहीतलं खोटं आहे. चमचा तोंडाशी नेला की आजोबा मान फिरवतात. दोन दिवस पोटात काही नाही."

"पण हे लिहिलंय तुम्हीच ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला लिहिता येत नाही. कामाला लागताना येतं म्हणून सांगितलं. रोज वरची ओळ बघून खाली तशीच उतरवते."

शेजारी उभ्या असलेल्या आश्रमाच्या मॅनेजर मॅडमनी कपाळाला हात लावला. डॉक्टर मात्र परत वळून आजोबांचं पोट तपासू लागले.

शेवंताबाईंनी वही उघडून मॅडमपुढे पेन धरलं. "कामावरून काढायचं तर उद्या काढा. आज 'जेवले नाहीत' कसं लिहायचं, तेवढं दाखवा."