दुसऱ्याचं गाणं

"आवाज तुमच्या वडिलांचा असेल हो," फोनवरची बाई म्हणाली, "पण गाणं त्यांचं नाही ना. ते म्युझिक कंपनीचं आहे. संध्याकाळपर्यंत आवाज बदलून पाठवा, नाहीतर फिल्म स्पर्धेतून बाद."

लेकीच्या तोंडचं पाणी पळालं. या फिल्मसाठी तिने वर्षभर हाडाची काडं केली होती. जेमतेम अडीच मिनिटांची, पण त्यातलं प्रत्येक चित्र हाताने काढलेलं. नियम तिने वाचले नव्हते असं नाही. दुसऱ्याचं संगीत चालणार नाही, हे तिला पाठ होतं. म्हणून तर तिने कुठूनही काही उचललं नव्हतं, वाद्याचा एक तुकडासुद्धा घेतला नव्हता. स्वतःच्या घरात, स्वतःच्या बापाचा आवाज रेकॉर्ड केला होता. यात चोरी कसली, असं तिला वाटलं. तिथेच ती फसली.

फिल्म बाबांवरच होती. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं, पण तोंडातून शब्द फुटायचा नाही. राहिली ती एका जुन्या सिनेमातल्या प्रेमगीताची एक ओळ. ती मात्र सुरात, शब्दांसकट यायची. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, बोलणं जातं आणि गाणं राहतं. मग बाबांनी त्या एका ओळीवर संसार रेटला. चहा हवा, तीच ओळ. पंखा बंद कर, तीच ओळ, जरा चढ्या आवाजात. आई म्हणायची, उभ्या जन्मात हा माणूस माझ्यासाठी कधी गुणगुणला नाही, आणि आता संडासला जायचं तरी प्रेमगीत. हसता हसता ती डोळे पुसायची. लेकीने हे सगळं कागदावर उतरवलं होतं. आपला बाप अजून बोलतो, हे चार लोकांनी पाहावं एवढीच तिची इच्छा होती.

ती कॉलेजात धावली. सरांनी सगळं ऐकून घेतलं. सर माणूस चांगला, पण तेही कात्रीत सापडले होते. शेवटच्या वर्षातून त्यांनी ही एकच फिल्म पाठवली होती, आणि ती निवडली गेली तर पोरीला स्टुडिओत काम मिळणार होतं. त्यांनी दुसरं संगीत लावून पाहिलं. पण या कामाची रीतच अशी की आधी आवाज, मग चित्र. ओठ कधी मिटले, मान कुठे हलली, सगळं त्या ओळीवर बेतलेलं. ती ओळ काढली की पडद्यावरचे बाबा पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखे नुसतं तोंड वासत होते.

"त्यांना दुसरं काहीतरी म्हणायला लाव," सर म्हणाले. "शब्द नकोत, नुसता हुंकार चालेल. बाकीचं आपण बसवू."

"सर, त्यांच्याकडे दुसरं काही नाहीये."

सरांनी कपाटातला माइक काढून तिच्या हातात ठेवला. मग म्हणाले, प्रयत्न तरी करून बघ.

घरी बाबा पुढच्या खोलीत शिलाई मशीनशेजारी बसले होते. उभं आयुष्य त्यांनी लोकांचे कपडे शिवले. गिऱ्हाइकाच्या कापडातली उरलेली कात्रणंसुद्धा ठेवून घ्यायचे नाहीत, घडी घालून शिवलेल्या कपड्याबरोबर परत द्यायचे. बाकीचे शिंपी खुळ्यात काढायचे. आई चिडायची, की एव्हाना घरात ढीगभर पिशव्या झाल्या असत्या. बाबांचं उत्तर ठरलेलं, दुसऱ्याचं ते दुसऱ्याचं.

लेकीने माइक जोडला. ती दमली होती, वेळ थोडा होता, आणि शब्द तोलून बोलायचं त्राण तिच्यात नव्हतं.

"बाबा, ते गाणं आपलं नाही. कंपनीचं आहे. त्यांना न विचारता म्हणायचं नसतं. दुसरं काहीतरी म्हणा. काहीही म्हणा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग हळूच तीच ओळ म्हटली, शेवट प्रश्नासारखा वर नेत.

"हो, तेच," ती म्हणाली. "तेच नको."

बाबा जिवाच्या आकांताने प्रयत्नाला लागले. ओठ मुडपले, गळ्याच्या शिरा ताणल्या, कपाळावर घाम आला. सूर फुटला तो तोच. त्यांनी तो अर्ध्यावर गिळला आणि पुन्हा जोर लावला. पुन्हा तोच. शेवटी लेकीलाच बघवेना. राहू द्या म्हणाली, माइक काढला आणि सरांना फोन करून फिल्म मागे घेतली. काम गेलं, वर्ष मातीत गेलं. आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे लावणार? ती न जेवताच झोपली.

सकाळी आईने तिला हलवून उठवलं. बाबा उठल्यापासून गप्प होते. चहासाठी त्यांनी कपाकडे बोट दाखवलं. आंघोळीच्या पाण्याचा चटका बसला तरी दात आवळून बसले.

"काय बोललीस तू काल त्यांना?" आईने विचारलं.

 लेक बाबांपुढे जाऊन बसली. ते फक्त स्पर्धेपुरतं होतं, घरात कुणी कुणाला अडवत नाही, म्हणा हवं तितकं, असं तिने परोपरीने सांगितलं. बाबा नुसती नकारार्थी मान हलवत राहिले. शेवटी तिने त्यांना धीर यावा म्हणून स्वतःच ती ओळ म्हणायला घेतली. दुसऱ्या शब्दाला बाबांनी डावा हात उचलला आणि तिच्या तोंडावर घट्ट ठेवला.