निळ्या तळ्याकाठचा घास

ज्वालामुखीच्या लाल विवराची घसरण मेरेआना तरातरा उतरली. मागे दहा पाहुणे राखेत घसरत, किंचाळत येत होते. त्यांना सांभाळायला तेरिना मावशी होती. बसू दे सांभाळत!

बारा वर्षं मेरेआनानं मावशीबरोबर हा डोंगर तुडवला. तिची पिशवी वाहिली, पाहुण्यांचे मुरगळलेले पाय बांधले. मावशीची आज शेवटची खेप. तिच्यानंतर पाहुण्यांना कोण नेणार, हे सकाळी वाटेच्या तोंडाशीच कळलं. डोंगराची परवानगी मागायची प्रार्थना मावशीनं म्हणायला लावली ती कहुरंगीला. मेरेआनाच्या मावसबहिणीला! शहरात वाढलेली, माओरी भाषा कॉलेजात शिकलेली, इथं येऊन जेमतेम दोन महिने झालेली. आणि म्हटली ती अशी खणखणीत, की पाहुण्यांनी टोप्या काढल्या. मेरेआनाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पुढचा चढ चढून ती निळ्या तळ्यापाशी पोचली, तर मावशीनं पुढे धाडलेली कहुरंगी काठावर फतकल मारून बसलेली. मांडीवर डबा, डब्यात मावशीच्या हातचा तळलेला पाव.

मेरेआना थबकली. हे तळं पवित्र. पाण्याला हात लावायचा नाही, काठावर घास खायचा नाही. गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कॉलेजात नसेल शिकवलं.

"ताई, ये ना!" कहुरंगीनं हाक मारली. "तुझ्यासाठी मोठा तुकडा ठेवलाय."

सांगायला दोन शब्द पुरे होते. मेरेआनानं ते गिळले.

"तू खा गं पोटभर. मला भूक नाही."

पिशवी खाली टेकवून ती घामानं भिजलेल्या पाठीनं वाऱ्यात उभी राहिली. खालून पाहुण्यांचे आवाज जवळ येऊ लागले. येऊ देत. बघू देत सगळ्यांना, मावशीलाही. तिला आतून गुदगुल्या होत होत्या.

मावशी धापा टाकत वर आली आणि डबा बघून तिथेच थांबली.

"अगं पोरी, इथं नाही खायचं!"

कहुरंगीचा चेहरा उतरला. तिनं घाईघाईनं डबा बंद केला. "मला खरंच माहीत नव्हतं गं मावशी."

"तुला कुठून असणार," मावशी म्हणाली.

मग ती मेरेआनाजवळ आली. तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि हात तिथेच ठेवला.

"पाठीवरचा घाम पार वाळला गं तुझा. केव्हाची उभी आहेस इथं?"